घरातच पहिला अल्बम रेकॉर्ड करावा काय? (डेमियन राईसचा 'ओ' ऐकल्यापासून डोक्यात हेच)

वडगावचा_गिटारवाला

नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच लिहालोय. मी बेळगावचा, वडगावात राहतो, घरी दोन माग आहेत, बाबा आणि काका चालवतात. मी दिवसभर शहापुरात एका दुकानात हिशोबाला बसतो आणि रात्री जेवण झालं की माळ्यावर गिटार घेऊन. चार वर्षं झाली स्वतःची गाणी करालोय, मराठीतच, आतापर्यंत अकरा जमलीत. गणपतीत आणि मित्रांच्या लग्नात दोन-तीन म्हणालोय खरं सगळी एकत्र अजून कुणीच ऐकलेली नाहीत.

मागच्या पावसाळ्यात मिरजेला चाललो होतो, मामांची बाजाची पेटी दुरुस्त करून आणायची होती. पॅसेंजरमध्ये सोबतच्या मित्रानं हे ऐक म्हणून एक इअरफोन माझ्या कानात घातला. आयर्लंडचा गायक, डेमियन राईस, त्याचा पहिला अल्बम, नाव फक्त 'ओ'. सुळेभावी सुटताना लावलेला. मला इंग्रजी नुसतं ऐकून पटकन कळत नाही, अर्धे शब्द निसटले, खरं पाच्छापूर गेलं, गोकाक रोड गेलं, मला खिडकीबाहेर बघायचं पण सुचलं नाही. एक माणूस आणि त्याची गिटार, मागं चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, मधनंच एका बाईचा आवाज. इतकं जवळ की तो श्वास घेतो ते ऐकू येतंय, तारेवरनं बोट सरकलं की ते पण. आणि पुटपुटता पुटपुटता एकदम छाती फाडून ओरडतो, आणि ते खोटं वाटत नाही. शेवटचं गाणं संपलं, सगळं शांत, मी इअरफोन काढणार एवढ्यात परत त्याचा आवाज आला, शांततेच्या मागं लपवून ठेवलेलं अजून एक गाणं. घटप्रभा आलेली तेव्हा. त्यानंतर किती वेळा ऐकलो त्याला हिशोब नाही.

मित्र म्हणाला की हा अल्बम मोठ्या स्टुडिओत नाही, बराचसा घरगुती सामानावर केलेला आहे. तेव्हापासून झोप नाही म्हणा.

त्याच्या आधी मी इथल्या एका स्टुडिओत जाऊन आलेलो. तासाचे पैसे भरलो, दोन गाणी केली. त्यांनी आधी कानात क्लिक, म्हणजे तालाची टकटक लावली, मग वरनं कीबोर्डातले व्हायोलिन, ढोलकी, काय काय भरलं, आणि ऐकवल्यावर मला माझंच गाणं ओळखू येईना. वर म्हणाले भाषा जरा शुद्ध करा, "मी केलो, मी बघितलो" असं गाण्यात चालत नाही, बाहेरचे लोक हसतील. घरी आलो आणि आठ दिवस गिटारला हात लावलो नाही.

तर विचारायचं ते असं. घरात करावं काय? खाली माग, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत, भिंतीला हात लावला तर हाताला ठोके लागतात. आणि दुसरं भाषेचं. मी जसा बोलतो तसाच गाणं लिहितो, ते बदलायचं काय? कृपा करून खरं खरं सांगा.

---

मलप्रभेची_लेक

मी खानापूरची, सध्या डब्लिनमध्ये नोकरीला आहे, तुझी पोस्ट वाचून सकाळची बस चुकवली बघ.

'ओ' बद्दल जेवढं मला माहीत आहे तेवढं सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. राईस इथून जवळच्या सेलब्रिजचा, किल्डेअर काउंटीतला, लिफी नदीकाठचं गाव आहे. आधी तो ज्युनिपर नावाच्या बँडमध्ये होता, मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार पण झालेला, दोन सिंगल्स निघाली. पण कंपनीला जे पाहिजे होतं ते याला करायचं नव्हतं, म्हणून हा सगळं सोडून गेला. इटलीत टस्कनीला जाऊन शेती केली, मग युरोपभर रस्त्यावर गाऊन पोट भरलं. मागं राहिलेल्यांनी बेल एक्स वन नावानं बँड चालू ठेवला, आणि 'ओ' मधलं 'व्होल्केनो' हे गाणं त्यांच्याही पहिल्या अल्बमात आहे, दोन्ही लागोपाठ ऐक. एकच गाणं, पण घर बदललं की माणूस कसा वेगळा दिसतो तसं वाटतं.

परत आल्यावर त्यानं आपला डेमो, म्हणजे गाण्यांचं नमुना रेकॉर्डिंग, डेव्हिड अर्नोल्डला दिला. अर्नोल्ड म्हणजे जेम्स बाँडच्या काही सिनेमांना संगीत दिलेला, आणि हा राईसचा लांबचा भाऊ लागतो. त्यानं याला रेकॉर्डिंगचं सामान मिळवून दिलं, कुठंही उचलून नेता येईल असं. तुझा मित्र म्हणतो ते बरोबर आहे, पण एक लक्षात घे, सामान छोटं होतं म्हणजे काम छोटं होतं असं नाही. गाणी त्यानं आधी वर्षानुवर्षं लोकांसमोर घासलेली होती. आणि सोबतची माणसं बघ, चेलोवर व्हिव्हियन लाँग, आणि तो बाईचा आवाज लिसा हॅनिगनचा. मला विचारशील तर तो आवाज काढला तर अल्बम निम्मा उरेल. ती त्याच्या मागं उभी राहून गात नाही, त्याच्याशी बोलते, मधनंच त्याचं खोडते. पुढं २००७ मध्ये दोघं वेगळे झाले, २००८ मध्ये तिचा स्वतःचा पहिला अल्बम आला, 'सी सो', तो पण ऐक.

अल्बम १ फेब्रुवारी २००२ ला आयर्लंडमध्ये आला, स्वतःच्याच लेबलवर. मिक ख्रिस्तोफर नावाच्या गायक मित्राला अर्पण केलेला आहे, तो दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २००१ मध्ये गेला होता. अमेरिकेत पोचायला २००३ उजाडलं, त्याच वर्षी तिकडचं शॉर्टलिस्ट प्राइझ नावाचं अल्बमचं बक्षीस मिळालं, आणि इंग्लंडच्या चार्टवर तो ९७ आठवडे राहिला. एका झटक्यात काही झालं नाही, हळूहळू कानोकानी गेला.

इथं ग्राफ्टन स्ट्रीटवर रोज कोण ना कोण गात असतं. परवा एक पोरगी भुरभुर पावसात उभी होती, गिटारच्या पेटीवर प्लास्टिकची पिशवी अंथरलेली, नाणी त्या पिशवीत पडत होती आणि आवाजच येत नव्हता नाण्यांचा, म्हणून तिला कळायचंच नाही कुणी टाकलं ते. तरी गाणं संपल्यावर मान वर करून सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. मी तिचं गाणं विसरले पण ते थँक्यू कुठल्या गावच्या उच्चारातलं होतं ते आठवतं. भाषेबद्दल म्हणून सांगते, लिसा ओनील म्हणून गायिका आहे कॅव्हनची, तिचा पहिला अल्बम २००९ चा. गावचे उच्चार तिनं जराही झाकलेले नाहीत, आणि इथं लोक तिला त्यासाठीच डोक्यावर घेतात. तू बदलू नकोस रे बाबा.

---

निपाणीकर

ताईंनी छान लिहिलंय. मी फक्त एक जोडतो कारण आयरिश फोक म्हटलं की मला राहवत नाही, राईस चांगला आहे पण तिथल्या लोकगीताची मुळं बघायची तर क्रिस्टी मूरकडं जा. तो पण किल्डेअरचाच, न्यूब्रिजचा. आणि वडगावच्या दादा, हे तुमच्यासाठी, तो बँकेत कारकून होता, आकड्यातच दिवस जायचा, १९६६ च्या बँक संपात बाहेर पडला, इंग्लंडला गेला आणि तिथल्या फोक क्लबात गायला लागला. पहिला अल्बम 'पॅडी ऑन द रोड', १९६९, फक्त ५०० प्रती काढलेल्या. तो लंडनमध्ये झाला. पण त्याला आपल्या ओळखीचे, आपलं संगीत रक्तात असलेले आयरिश वादक पाहिजे होते, म्हणून दुसऱ्या अल्बमसाठी १९७१ च्या उन्हाळ्यात किल्डेअरमधल्या प्रॉस्परस गावातल्या एका जुन्या घराच्या तळघरात सगळे बसले आणि तिथंच रेकॉर्ड केलं. अल्बमला नाव पण गावाचंच, 'प्रॉस्परस'. त्या तळघरातनंच पुढं प्लँक्स्टी हा बँड उभा राहिला, आयरिश पारंपरिक संगीतातलं केवढं मोठं नाव. म्हणजे राईसच्या ३० वर्षं आधी, त्याच जिल्ह्यात, घरातच झालेलं हे काम. घर लहान आहे म्हणून काही अडत नाही हो, सोबत कोण बसलंय त्यावर सगळं आहे.

---

हिंडलगा_साऊंड

भावा मी भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करतो, साऊंडचा धंदा आहे, तुझ्यासारखीच अडचण रोज बघतो. सरळ कामाचं सांगतो.

पहिलं म्हणजे फोम आणि वाकळ यानं मागाचा आवाज थांबत नाही. लोक हजारो रुपये फोममध्ये घालवतात. वाकळ टांगली तर खोलीतला घुमणारा आवाज मरतो, ते पाहिजेच, तुझ्या मागं आणि दोन्ही बाजूला जाड वाकळा टांग, समोरची भिंत उघडी राहिली तर चालेल. खरं मागाचा ठोका भिंतीतनं आणि जमिनीतनं येतो, त्याला वाकळ काय करणार. मशीनवर नंतर नॉइज काढू म्हणशील तर ठोक्याबरोबर तुझ्या आवाजाचा जीव पण जातो, पाण्याखालनं बोलल्यासारखं होतं. ते करू नको. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, पंखा बंद कर, मायक्रोफोनच्या स्टँडखाली वाकळीची घडी घाल, एवढंच.

मग करायचं कधी? पहाटे चार ते सहा हा एक वेळ. आणि दुसरा वेळ माहीत आहे काय, करंट गेला की! अख्ख्या गल्लीतले माग एकदम थांबतात. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, माईक लॅपटॉपला जोडायचा दोन चॅनलचा छोटा इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, त्याला वेगळा करंट लागत नाही. लोक करंट गेला म्हणून कपाळाला हात लावतात, तू माळ्यावर पळ. बॅटरी मात्र रोज फुल ठेव, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव.

माईक साधा डायनॅमिक घे, कंडेन्सर नको, तो शेजारच्या घरातली फोडणी पण ऐकतो. गिटारसाठी बाराव्या पट्टीसमोर वीतभर अंतरावर, भोकासमोर नको, तिथं नुसता गुबगुब येतो. तू म्हणतोस तसं पुटपुटणं आणि ओरडणं दोन्ही पाहिजे असेल तर लेव्हल लावताना आधी सगळ्यात जोराची ओळ म्हण, त्याला लाल लागता कामा नये, मग हळू आवाज कितीही बारीक येऊ दे, २४ बिटवर केलास तर नंतर उचलता येतो. आणि ओरडायच्या ओळीला मान जरा मागं घे. आमचे जुने बुवा लोक हेच करतात, कुणी शिकवलेलं नाही त्यांना. नंतर सगळं एका पातळीला दाबून टाकू नको, 'ओ' तुला आवडला तो त्या चढउतारासाठीच.

अजून एक विचारतो. तुझी गाणी कुठल्या स्पीडची आहेत ते कधी मोजलास काय? मोबाईलवर टॅप करून स्पीड मोजायचं ॲप मिळतं. एका गिरणीजवळच्या मंडळाचं काम केलेलो, त्यांचे सगळे अभंग एकाच चालीत पळायचे. मोज आणि सांग.

---

टिळकवाडी_जुना

मुला, मी सत्तरीतला माणूस, इंग्रजी गाणी माझ्या कानाची नाहीत, तरी नातीकडून या गायकाचं एक गाणं ऐकून मग लिहायला बसलो. तू म्हणतोस ते श्वास ऐकू येणं, ते आलं लक्षात.

तू सहज लिहून गेलास की सुळेभावी स्टेशन सुटताना गाणं लावलं. त्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मले, आपले कुमार गंधर्व. घरात कन्नड, मराठी नाट्यपदं गायली तर मराठी माणसानं कान टवकारले, निर्गुणी भजनं गायली तर हिंदी मुलूख ऐकत बसला. क्षयानं फुफ्फुस गेलं, देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणंच बंद. अंथरुणावर पडून बाहेरून येणारी माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली आणि उठल्यावर त्यातून नवं गाणं उभं केलं. तेव्हा घरात बसून, बाहेरचा आवाज कानावर घेत गाणं होतं काय, हे आपल्या भागाला नव्यानं सांगायला नको.

आता तुझं "मी केलो". आपण बेळगावकडचे लोक क्रियापद करणाऱ्याच्या मागं नेतो, कन्नडात तसंच आहे, शेजारच्या घरातून आलेली ती वळणं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या तोंडात बसलेली. त्यात अशुद्ध काही नाही. माझी आई जात्यावर बसायची तेव्हा तिच्या ओवीत हेच व्याकरण होतं, आणि ऐकताना डोळ्यात पाणी यायचं, व्याकरण आठवायचं नाही.

मात्र एक बजावतो. आपली बोली दाखवायची म्हणून मुद्दाम पेरू नकोस. ओळीओळीत "बघ की, चल की" घालून गावरान रंग चढवलेली गाणी मी बरीच ऐकली आहेत, ती दोनदा ऐकवत नाहीत. जिथं तुझ्या तोंडी आपोआप येतं तिथं राहू दे. आणि शब्द स्पष्ट म्हण. त्या आयरिश मुलाचं इंग्रजी मला पुरतं कळलं नाही, पण प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

---

मलप्रभेची_लेक

काका, आई जात्यावरचं वाचून गळा दाटला. इथं पण जुनी पद्धत आहे, शान-नोस म्हणतात, आयरिश भाषेत, साथीला कुठलंच वाद्य नाही, एकटं माणूस बसून गातं, ऐकणारं कुणीतरी कधी कधी त्याचा हात हातात धरून ठेवतं. मी एकदा ऐकलं तेव्हा मला खानापूरच्या आमच्या आत्याच आठवल्या.

आणि दादा, चेलो कुठनं आणू म्हणून बसू नकोस. मामांची पेटी आहे ना.

---

वडगावचा_गिटारवाला

तीन आठवड्यांनी लिहालोय, माफ करा. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलो. काकांचं आईला वाचून दाखवलो.

हिंडलगा भाऊ, तुम्ही सांगितलं तसं मोजलो. अकरातली सात गाणी मिनिटाला १०८ ते ११४ ठोक्यांच्या मध्ये. मग खाली जाऊन मागाजवळ उभा राहिलो आणि ठोक्याबरोबर ॲपवर बोट मारत बसलो, ११२ आला. बाबा विचारले काय करालास, मी सांगितलो, ते काही बोलले नाहीत, धोटा बघत राहिले. चार वर्षं मला वाटत होतं चाली मी लावालोय.

काकांनी सांगितलं म्हणून सगळी वही परत वाचलो. चार ठिकाणी मुद्दाम घातलेले शब्द सापडले, ते काढलो. "मी केलो" सगळीकडं तसंच ठेवलो.

मंगळवारी दहाला करंट गेला. पहिल्यांदा आमचा माग थांबला, मग शेजारचा, मग गल्ली. मी दुकानात सुट्टी मागून घरीच थांबलेलो. तीन वाकळा टांगल्या, मायक्रोफोन लावलो, आधी ओरडायची ओळ म्हणून लेव्हल केलो. आणि गाणं सुरू केलो तर पाय जमिनीवर आपटायला बघतोय आणि खालनं काही येतच नाही. दोनदा अडकलो. तिसऱ्यांदा डोळे मिटून म्हणालो, जसं येईल तसं. नंतर मोजलो तर ८६. तेच गाणं, तेच शब्द, खरं दुसऱ्या कडव्यात एक ओळ अशी होती की ती मी एवढी वर्षं गडबडीत गिळत होतो, ती पूर्ण ऐकू आली. माझी आज्जी दवाखान्यातनं परत आली नाही त्याबद्दलची ओळ आहे.

बाबा कधी वर आले कळलं नाही. कांड्यांच्या पेटीवर बसलेले. गाणं संपल्यावर पण मी बटण दाबायचं विसरलो, त्यामुळं शेवटी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड झाली आहे, आणि मग बाबा म्हणतात, "आईचं हाय नव्हं हे." तेवढ्यात करंट आला आणि खाली माग सुरू झाले.

सामान अजून उसनंच आहे, मित्राचं. गुरुवारी परत दहा ते चार करंट नाही म्हणून सांगितलंय. मामा पेटी घेऊन येवालेत.